चाळीस अंशांची पुस्तकं, एकवीस अंशांचं आकाश

विदर्भातल्या कुठल्याही गावात रात्री उत्तरेकडे तोंड करून उभे राहा, हात सरळ लांब करा आणि वीत ताणा. करंगळी क्षितिजाला टेकवली की अंगठ्याच्या टोकाशी ध्रुवतारा सापडतो. ताणलेली वीत म्हणजे साधारण २० अंश, आणि ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या जागेचा अक्षांश. चंद्रपूर जेमतेम २०, यवतमाळ २०.४, अमरावती २०.९, नागपूर २१.१५, गोंदिया २१.५. नवशिक्यांसाठी नावाजलेली जी इंग्रजी पुस्तकं ऑनलाइन मागवता येतात, ती मात्र अमेरिका, कॅनडा, इंग्लंड इथल्या वाचकासाठी, म्हणजे ४० ते ५० अंशांसाठी काढलेली असतात. तिथे ध्रुव दोन-अडीच विती वर असतो. म्हणून पुस्तक चांगलं की वाईट, याआधी ते कुठल्या अंशावरचं, हे बघावं लागतं. खालची सगळी मतं हीच कसोटी लावून दिली आहेत.

फरक कुठे अडवतो ते आधी सांगतो. अशा पुस्तकांत पहिल्याच धड्यात असतं की सप्तर्षी वर्षभर दिसतात, आधी ते गाठा, त्यांच्यावरून ध्रुव काढा. आपल्याकडे सप्तर्षींतले सातही तारे मावळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी ते क्षितिजाखालीच असतात, आणि दिवाळीच्या सुट्टीत हौसेनं पुस्तक उघडलेलं पोर पहिल्या पानावरच अडकतं. त्या दिवसांत ध्रुव काढायचा तो शर्मिष्ठेवरून. तिचा इंग्रजी एम किंवा डब्ल्यूसारखा आकार उत्तरेला चांगला वर असतो. सप्तर्षींची बाज संध्याकाळी ईशान्येला उभी राहते ती फेब्रुवारीपासून. (बाज हा शब्द मुद्दाम वापरला. गोंडी परंपरेतही त्या चौकोनाला खाटच म्हणतात आणि मागचे तीन तारे म्हणजे चोर. मुलांना सात ऋषींपेक्षा चार पायांची खाट लवकर दिसते.)

दक्षिणेकडे हाच फरक आपल्या बाजूनं पडतो. अगस्त्य ४० अंशांवर उगवतच नाही. आपल्याकडे तो क्षितिजापासून १६ अंश, म्हणजे दीड मूठ (हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश) वर चढतो, आणि फेब्रुवारीच्या संध्याकाळी व्याधाच्या खाली ठसठशीत दिसतो. वृश्चिकाची नांगी तिकडे झाडांत अडकते, इथे ती तीन मुठी वर असते. परदेशी पुस्तकं ज्यांना ‘क्षितिजालगत, पाहायला अवघड’ म्हणतात, त्यांतल्या कितीतरी गोष्टी आपल्याला वावराच्या धुऱ्यावरून आरामात दिसतात.

आता पुस्तकं. ‘टर्न लेफ्ट ॲट ओरायन’ हे गाय कॉन्सोल्माग्नो आणि डॅन डेव्हिस यांचं पुस्तक १९८९ मध्ये केंब्रिजनं काढलं. छोटी दुर्बीण हाताशी असेल तर याच्यासारखं दुसरं पुस्तक नाही. एकेका वस्तूला त्यांनी तीन चित्रं दिली आहेत: नुसत्या डोळ्यांनी कुठे बघायचं, शोधक दुर्बिणीत (मोठीला जोडलेल्या छोट्या दुर्बिणीत) काय दिसेल आणि नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, काय दिसेल. चित्रं फोटोंची नाहीत, हातानं रेखाटलेली आहेत, आणि हाच पुस्तकाचा जीव आहे. मृगातला तेजोमेघ फोटोत लाल-जांभळा असतो, डोळ्याला तो राखाडी धुरकट पंख्यासारखा दिसतो. फोटो पाहून दुर्बिणीला डोळा लावणारा माणूस निराश होतो, हे पुस्तक वाचून लावणारा होत नाही.

नव्या आवृत्त्यांत डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरच्या, आरशाच्या) दुर्बिणीसाठी आणि कोनाचा आरसा (नेत्रिकेआधी प्रकाश वळवणारा) लावलेल्या छोट्या दुर्बिणीसाठी चित्रं वेगळी दिली आहेत. हे फार महत्त्वाचं. आरशाच्या डॉब्सोनियनमध्ये दृश्य नुसतं उलटं होतं, म्हणजे पान १८० अंश फिरवलं की जुळतं. कोनाचा आरसा असला की डावं-उजवं बदलतं, मग पान कितीही फिरवलं तरी जुळत नाही. नवशिके सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतात आणि दुर्बीणच बिघडली असं समजतात. जुनी प्रत स्वस्तात मिळत असेल, तरी एवढ्या एका कारणासाठी नवी घ्यावी. नव्या प्रतीला स्पायरल बांधणी आहे, ती धुऱ्यावर उघडी ठेवली की उघडीच राहते.

उणीव ऋतूंची. पुस्तकाची मांडणी ऋतुवार आहे आणि त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा. वृश्चिक, धनू, आकाशगंगेचा सगळ्यात दाट पट्टा हे सगळं ‘उन्हाळा’ भागात आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भात आभाळ उघडं मिळणं कठीण. उपाय सोपा आहे. आकाश दर महिन्याला दोन तास पुढे सरकतं. जुलैत रात्री ९ ला जे दिसेल, तेच मे महिन्यात रात्री १ ला आणि एप्रिलमध्ये पहाटे ३ ला असतं. म्हणून त्यांच्या उन्हाळ्याचा भाग आपण मे महिन्यात, अंगणात बाजा टाकून झोपायच्या दिवसांत, मध्यरात्रीनंतर वाचायचा. राहिलेलं ऑक्टोबरात संध्याकाळी ७ च्या सुमारास नैर्ऋत्येला पुरं करायचं.

याच पुस्तकात शेवटी दक्षिण गोलार्धाचा भाग आहे. तो आपला नाही असं समजून सोडू नका. त्यातला ओमेगा सेंटॉरी हा नरतुरंगातला प्रचंड गोलाकार तारकागुच्छ आपल्याकडे क्षितिजापासून २१ अंश वर येतो. म्हणजे उत्तरेला ध्रुव एक वीत, दक्षिणेला हा एक वीत. शोधायची खूण अशी: मेच्या मध्यावर रात्री दहाच्या आसपास चित्रा बरोबर दक्षिणेला येते. तिथून सरळ खाली साडेतीन मुठी उतरा. अंधाऱ्या गावात तिथे नुसत्या डोळ्यांनी धूसर तारा दिसतो, दहापटीच्या बायनॉक्युलरमधून तो कापसाच्या बोंडासारखा फुललेला दिसतो. त्याच्या तासभर आधी त्रिशंकू दक्षिणेला उभा असतो. त्याचा वरचा तारा १२ अंशांवर आणि खालचा ६ अंशांवर, म्हणून दक्षिणेला मोकळं वावर लागतं आणि हवेतली धूळ बसलेली लागते. उन्हाळी पावसाची एखादी सर येऊन गेली की ती रात्र सोडू नये. मॅगेलनचे ढग (आपल्या आकाशगंगेशेजारच्या दोन छोट्या दीर्घिका) मात्र आपल्याला दिसत नाहीत.

दुर्बीण नसेल तर हे पुस्तक आत्ताच घेऊ नका.

‘नाइटवॉच’ हे टेरेन्स डिकिन्सन यांचं कॅनडातलं पुस्तक, पहिली आवृत्ती १९८३ ची. हेही स्पायरलचं. वाचायला सोपं, साधनांच्या निवडीवरचा भाग प्रामाणिक, नकाशे मोठे आणि स्वच्छ. पण नकाशे मध्य-उत्तर अक्षांशांचे आहेत, त्यामुळे वर सांगितलेली सप्तर्षी-अगस्त्याची दुरुस्ती इथे पानोपानी करावी लागते. जुनी प्रत घेणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. ताऱ्यांचे नकाशे शिळे होत नाहीत, कारण परांचनानं, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यानं, आकाशाचं मोजमाप एक अंश सरकायला सुमारे ७२ वर्षं लागतात. ग्रह आणि ग्रहणांची कोष्टकं मात्र ठरावीक वर्षांपुरती छापलेली असतात. ती उलटून गेली असतील तर त्या पानांवर आडवी रेघ मारून ठेवा, नाहीतर कुणीतरी त्यावरून गुरू शोधत बसेल.

जुन्या पुस्तकांत आणखी एक पोकळी असते. २ एप्रिल २०२२ ला संध्याकाळी विदर्भभर लोकांनी आकाशातून जळत जाणारे तुकडे पाहिले आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची मोठी कडी पडली. ते चिनी रॉकेटचे अवशेष होते. उल्का एक-दोन सेकंदांत संपते. अवशेष संथ चालीनं, तुकडे होत होत, आकाश ओलांडायला मिनिटभर घेतात. हा फरक सांगणारं पान जुन्या मार्गदर्शकांत शोधून सापडत नाही, आणि आता गावात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न तोच असतो.

एच. ए. रे यांचं ‘द स्टार्स’ १९५२ चं. तारकासमूहाच्या रेषा त्यांनी अशा जोडल्या की मिथुन खरोखर दोन माणसांसारखा दिसतो. कल्पना सुंदर आहे, लहान मुलं त्यावर खूश होतात. आपल्याकडची अडचण एवढीच की आकृत्या ग्रीक गोष्टींच्या आहेत. मृगात त्यांना शिकारी दिसतो. आपल्या गोष्टीत चार कोपऱ्यांचे तारे हे हरणाचे पाय, मधले तीन म्हणजे पोटात घुसलेला बाण, आणि बाण मारणारा व्याध. त्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली की सरळ व्याधावर जाते. आपली गोष्ट स्वतःच दिशा दाखवते, ती सोडून दुसरी पाठ करायची गरज नाही. ग्रंथालयात मिळालं तर जरूर वाचा, विकत घ्यायच्या यादीत वर ठेवू नका.

इंग्रजी पुस्तक कुठलंही घ्या, आतल्या कव्हरवर नावांची जोडी लिहून चिकटवा: अल्डेबरान रोहिणी, रेग्युलस मघा, स्पायका चित्रा, आर्क्टुरस स्वाती, अंटारेस ज्येष्ठा, अल्टेअर श्रवण, वेगा अभिजित, सिरियस व्याध, कनोपस अगस्त्य, कॅपेला ब्रह्महृदय. एवढ्या दहा नावांवर निम्मं पुस्तक उलगडतं.

मराठीत जयंत नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’ घरात असावंच. पण ते बसून वाचायचं पुस्तक आहे, अंगणात नकाशा म्हणून न्यायचं नाही. तारे जळतात कशानं, विश्व केवढं, असे प्रश्न पडायला लागले की ते उघडा. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हे एकोणिसाव्या शतकातलं. भाषा जुनी, पण नजर रात्री अंगणात बसणाऱ्या माणसाची. दीक्षित १८९८ मध्ये वारले. देवयानीतला धूसर ठिपका ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे हे त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी ठरलं, तेव्हा माहिती म्हणून नको, रस लागावा म्हणून वाचा.

नकाशांसाठी मराठी पुस्तक घेत असाल तर बारा महिन्यांचे नकाशे आहेत का, आणि नकाशाखाली अक्षांश व वेळ छापली आहे का, हे पाहून घ्या. पुण्या-मुंबईसाठी काढलेला नकाशा विदर्भात खुशाल वापरा, दोन-अडीच अंशांचा फरक डोळ्याला जाणवत नाही. वेळ तेवढी बदलते. नागपूर पुण्याच्या पूर्वेला असल्यामुळे तेच आकाश आपल्याकडे सुमारे २१ मिनिटं आधी येतं. ‘रात्री ९’ चा नकाशा नागपूरला ८.४० ला जुळतो.

शेतकरी घरातल्या वाचकाला आणखी एक गोष्ट सांगावीच लागते, आणि ती परदेशी पुस्तकात कधीच नसणार. ७-८ जूनला मृग लागतो म्हणजे सूर्य मृगात जातो. त्यामुळे त्या दिवसांत मृगाचे तारे सूर्याबरोबर उगवतात आणि त्याच्याबरोबर मावळतात, रात्री दिसत नाहीत. पेरणीच्या वेळी मृग शोधणारा हमखास फसतो. मृग रात्रभर दिसतो तो डिसेंबरात, हरभऱ्याच्या जागलीच्या दिवसांत. पावसाच्या सगळ्या नक्षत्रांचं असंच: जे लागलं ते त्या रात्री नाही, सहा महिन्यांनी. हस्ताचा पाऊस सप्टेंबर अखेरीला, हस्ताचे पाच तारे पाहायचे एप्रिलमध्ये.

भिंतीवरची दिनदर्शिका हाही एक मार्गदर्शक आहे, आणि तो घरात आधीच टांगलेला आहे. रोजच्या चौकोनात चंद्राचं नक्षत्र दिलेलं असतं. रोहिणी लिहिलं असेल त्या रात्री चंद्राजवळचा तांबूस ठळक तारा रोहिणी. कधी चंद्र ताऱ्यापासून मूठभर लांब असतो, कारण नक्षत्रांचे २७ भाग सारखे पाडलेले आहेत आणि तारे काही सारख्या अंतरावर नाहीत. महिनाभर रोज पाच मिनिटं हे केलं की आयनिकवृत्तावरचे, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेवरचे, मुख्य तारे पाठ होतात. धूसर वस्तू पाहायच्या तर अमावस्येच्या आगेमागे पाच दिवस.

ताराचक्र, म्हणजे तारीख आणि वेळ जुळवली की त्या क्षणीचं आकाश दाखवणारी फिरती तबकडी, ही नवशिक्याची पहिली खरेदी असावी. पुस्तकाच्याही आधी. पण अक्षांशाची चूक सगळ्यात महाग पडते ती इथेच. पाकिटावर अक्षांश छापलेला नसेल तर पट्टीनं मोजा. मधली खिळी म्हणजे खगोलीय ध्रुव. खिळीपासून खिडकीच्या उत्तर कडेपर्यंतचं अंतर आणि दक्षिण कडेपर्यंतचं अंतर घ्या. बहुतेक तबकड्यांत ही अंतरं अंशांच्या प्रमाणात असतात. २१ अंशांसाठी प्रमाण २१ ला १५९, ४० अंशांसाठी ४० ला १४०. म्हणजे दक्षिण कड खिळीपासून ८ सेंटिमीटर असेल, तर उत्तर कड १ सेंटिमीटरच्या थोडी पुढे हवी. सव्वादोन सेंटिमीटर निघाली तर ती तबकडी न्यूयॉर्कची आहे, ठेवून द्या.

एकतर्फी तबकडीत दुसरा दोष असतो. दक्षिणेकडचं आकाश कडेला पसरतं, वृश्चिक आडवा अडीच पटींच्या आसपास ताणला जातो आणि ओळखूच येत नाही. आपल्यासाठी दक्षिण महत्त्वाची, म्हणून हा दोष आपल्याला जास्त बोचतो. डेव्हिड चँडलर यांचं ‘द नाइट स्काय’ हे ताराचक्र दुतर्फी आहे, एका बाजूला उत्तर आणि दुसऱ्या बाजूला दक्षिण, आणि २० ते ३० अंशांसाठीची वेगळी आवृत्ती मिळते. मागवताना तो आकडा तपासूनच मागवा, नाहीतर ४०-५० ची येईल.

वापरताना दोन चुका होतात. तबकडीवर घड्याळाची वेळ तशीच लावली जाते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची आहे, म्हणून नागपूरला १४ मिनिटं, गोंदियाला ९ आणि बुलढाण्याला २५ मिनिटं वजा करून लावा. माथ्यावरच्या ताऱ्यांना फरक कळत नाही, पण बुलढाण्यात पूर्व क्षितिजावर ‘उगवलेला’ तारा अजून खालीच असतो तो यामुळे. दुसरी चूक, तबकडी टेबलावर ठेवून वाचायची. तिच्यावर पूर्व डावीकडे छापलेली असते, कारण ती डोक्यावर धरायची वस्तू आहे. दक्षिणेकडे तोंड असेल तेव्हा ‘दक्षिण’ लिहिलेली कड खाली धरा, उत्तरेकडे वळलात की ‘उत्तर’ खाली.

मोबाइलवर स्टेलॅरियम चांगलं आहे, संगणकावरची आवृत्ती तर पूर्ण मोफत आहे. गाव हातानं निवडून ठेवलं की नेट नसतानाही चालतं. स्वस्त मोबाइलमध्ये होकायंत्राचा सेन्सर नसतो, त्यात फोन आकाशाकडे धरला तरी नकाशा हलत नाही. सेन्सर असला तरी टिनाच्या छपराखाली किंवा ट्रॅक्टरला टेकून उभं राहिलं की दिशा चुकते. लाल रंगाचा रात्रीचा पर्याय चालू करा, अंधाराला सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढरा पडदा ते एका क्षणात घालवतो.

बॅटरीवरही लाल जिलेटीन कागदाचे दोन थर रबरानं बांधा. आणि पुस्तक घेताना हे जरूर पाहा: लाल प्रकाशात लाल, नारिंगी, गुलाबी शाई पांढऱ्या कागदात विरघळून जाते. आयनिकवृत्त लाल रेषेनं आणि आकाशगंगा गुलाबी छापलेली असेल, तर ती दोन्ही रात्री गायब. पांढऱ्या कागदावर काळे ठिपके असलेला नकाशा सगळ्यात उत्तम. काळ्या पानावर पांढरे तारे दुकानात देखणे दिसतात, पण अंधारात तेच पान वाचायला जास्त उजेड लागतो.

बायनॉक्युलर घ्यायचं तर १०×५०, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं आणि ५० मिलिमीटर भिंगांचं. ‘१००×१८०’ असे आकडे लिहिलेली झूमवाली घेऊ नका, तेवढी मोठी भिंगं त्यांत नसतातच. वस्तू घेतली की दूरच्या दिव्याकडे पाहा. एकाचे दोन दिवे दिसले तर त्याच दिवशी परत करा. कृत्तिका आपल्याकडे जवळजवळ माथ्यावरून जाते. उभ्यानं मान मोडते, म्हणून बाजेवर उताणं पडून, कोपर छातीला टेकवून बघा. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवा.

गावातला हायमास्ट टाळून शंभर-दीडशे पावलं वावरात गेलं तरी बराच फरक पडतो. शाळेची सहल काढायची तर पेंचचा विचार करा. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपणारं क्षेत्र) म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

जिल्हा परिषद शाळेच्या ग्रंथालयासाठी घ्यायचं असेल तर आधी २० ते ३० अंशांची चार ताराचक्रं, मग नारळीकर, मग एक बायनॉक्युलर. इंग्रजी पुस्तकं त्यानंतर. नुसत्या डिंकाच्या बांधणीचं पुस्तक आलं तर मे महिन्याच्या ४५ अंशांत टिनाखाली डिंक वाळतो आणि पानं सुटतात. ती सुटायच्या आत तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून स्पायरल मारून घ्या. कड कापताना आतल्या समासात नकाशा जात नाही ना, हे एकेक पान उलटून आधी पाहा.